आई, गाठ न्हाय

शहापूर, ता. ६ ऑगस्ट १९३५

चि. यल्लाप्पा,

वडील भावाने पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायचा असतो. लिहितो. पण तो कुरकुरत लिहिला आहे, हे तुला कळावे.

नऊ वर्षांत मी तुला पत्र घातले नाही. तू निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून झालास, लग्न केलेस, तुला मुलगी झाली, हे सगळे मला लोकांकडून कळले. आता तुझे पुस्तकही लोकांकडूनच कळले. सोळा पानांचे. रवळूने ते बाजारातून आणले आणि तळ्याच्या आईच्या देवळात चाळीस माणसांपुढे वाचून दाखवले. रवळूचे वाचन तुला माहीत आहे. जोडाक्षर आले की खोकतो, दोन आली की पान उलटतो. त्यामुळे लोकांनी जेमतेम निम्मे पुस्तक ऐकले आणि रागावले मात्र पुरते.

मी ते घरी आणून तीनदा वाचले. सांबऱ्याच्या शाळेत चार इयत्ता शिकलो त्याचा एवढा उपयोग झाला.

तू लिहितोस की शहापुरात दर वर्षी एका विणकराच्या घरी आईच्या लुगड्याची पाळी येते. नारळी पौर्णिमेनंतर माग लावायचा, रोज अंघोळ करून ओलेत्याने बसायचे. ताण्यातला एकही दोरा तुटत नाही, कारण तो आई धरते. घटस्थापनेला लुगडे देताना विणकराने त्यावर हात ठेवून तीनदा म्हणायचे, 'आई, गाठ न्हाय.' आणि मागल्या वर्षीचे लुगडे फाडून त्याच्या चिंध्या वाटायच्या, त्या पाळण्याला बांधायच्या. इथपर्यंत ठीक लिहिलेस.

पुढे म्हणतोस की तुझ्या मुलीच्या पाळण्याला बांधलेल्या चिंधीत तुझ्या बोटाला गाठ लागली. मग तू ओळखीच्या अकरा घरांतल्या चिंध्या हातात घेऊन पाहिल्यास आणि नऊ चिंध्यांत गाठ निघाली. अरे, ती चिंधी कपाळाला लावायची असते. ती चाचपायची असते काय? विणकराच्या बोटांना चाचपल्याशिवाय राहवत नाही, हे मलाही कळते. म्हणून तर ती लगेच पाळण्याला बांधून टाकतात.

आणि वर लिहितोस, 'ही गाठ कोणाच्या हातची ते मला ओळखू आले, पण ते नाव मी सांगणार नाही.' हे वाक्य कशाला घातलेस? सांगायचे नव्हते तर गप्प बसायचे होते. आता सगळे शहापूर ते नाव मागते आहे.

आपल्या घरची पाळी १९२६ साली झाली. आपल्या लुगड्यात गाठ नव्हती. तुला ठाऊक आहेच, तरी लिहून ठेवतो.

ती चिंधी तुला कोणी दिली, ते उलट टपाली कळव.

केदारी


शहापूर, ता. १९ ऑगस्ट १९३५

चि. यल्लाप्पा,

तुझे पत्र पोचले. चिंधी चंपाबाईने पाठवली, असे लिहितोस. नागुबाई कासारणीची लेक निपाणीला दिली आहे, तिच्याबरोबर. माझ्याच बायकोने, माझ्या पाठीमागे. मी तिला विचारले तर म्हणाली, "पोरगी झाली घरात. रिकामा पाळणा हलवायचा व्हय?" पेटीतली चिंधी तिने अर्धी फाडली, अर्धी ठेवली.

आता इकडचे ऐक. यंदा पाळी कल्लाप्पाची आहे. आपल्या शेजारचा, तुझ्याबरोबर तळ्यात डुंबणारा. परवा माग लावायच्या आधी देवळात बैठक झाली. कल्लाप्पा उठून म्हणाला, "ज्या अंगठ्यानं त्यानं आईचं वस्त्र चाचपलं तो अंगठा ऱ्हायला न्हाय पायजे." माणसे हो म्हणाली. म्हणणाऱ्यांत निम्मे विणकरही नव्हते. बाजारातले दोघे तर भुसार विकतात. त्यांना ताणा कुठला आणि बाणा कुठला हे विचारले तर तोंडाकडे बघतील.

ठरले ते असे. घटस्थापनेला तू देवळात येऊन नाक घासावेस, पुस्तके जाळावीस आणि 'मी खोटे लिहिले' असे म्हणावेस. किंवा गाठ कोणाची ते नाव सांगावेस, म्हणजे तुला सोडून त्याला धरतील. दोन्ही नसेल तर अंगठा. निरोप म्हणून तुला मागावरचा मोडका धोटा पाठवायचे ठरले. पोचला असेल.

मी फौजदाराकडे गेलो. ते म्हणाले, "पुस्तक निपाणीत छापलं, माणूस निपाणीत ऱ्हातो. ती इंग्रजी हद्द. आमचं संस्थान. तुमी बेळगावला जावा." बेळगावला गेलो. तिथले म्हणाले, "धमकी देणारे शहापूरचे. शहापूर संस्थानी. तुम्ही तिकडे जा." मी म्हटले, तिकडूनच आलो. ते म्हणाले, "मग वाट माहीतच आहे." दोन्ही कचेऱ्यांत एक चिलीम ओढून होईपर्यंतचे अंतर आहे. मी ते चार वेळा चाललो. माणसाने अंगठा नेमका कोणत्या हद्दीत तोडून घ्यावा, याचा काही कायदा असेल तर तो तुझ्या वखारीतल्या वकिलाला विचार.

माझा सल्ला ऐकशील तर ये आणि नाक घास. नाक घासून कोणाचे नाक झिजले नाही. खोटे लिहिले म्हण. आई समजून घेईल.

केदारी


शहापूर, ता. ३ सप्टेंबर १९३५

चि. यल्लाप्पा,

तुझे पत्र जयाबाईच्या हातचे आले तेव्हाच ओळखले की तुझ्या हाताला काही झाले. तुझ्या बायकोचे अक्षर मी पहिल्यांदा पाहिले. चांगले आहे. असे पाहायला मिळायला नको होते.

वखारीतून घरी येताना भर दुपारी दोघांनी अडवले, हात दगडावर ठेवला, दोन बोटे मोडली, आणि 'अंगठा घटस्थापनेपर्यंत ठेवलाय' असे सांगून गेले. 'नाव सांग' म्हणत होते आणि ह्यांनी सांगितले नाही, एवढे तिने लिहिले आहे. मग शेवटी तुझा निरोप: 'अण्णाला म्हणावं, मी नाव सांगणार न्हाय. आणि खोटं लिवलं असंही म्हणणार न्हाय.'

तुझ्या या हट्टाचा मला कायम वीट आला आहे. लहानपणी काटा काढू द्यायचा नाहीस, पाय सुजवून घ्यायचास.

यल्ला, तू ते नाव का सांगत नाहीस ते मला माहीत आहे. पहिल्या पत्रात मी तुला खोटे लिहिले. गाठ मारून शेपूट दाताने तोडायची आणि डावीकडे वळवायची, अशी सवय आख्ख्या शहापुरात एकालाच आहे. आपल्या अप्पांनी मला किती वेळा मारले त्यापायी. चंपाबाईने पाठवली ती चिंधी आपल्याच लुगड्याची, तुझ्या बोटाला ती गाठ कळायला एक क्षण लागला नसेल.

सतरा होत्या. पावसाळी दिवस, खळ वाळत नव्हती, दोरे एकमेकांना चिकटत होते. पहिला तुटला तेव्हा मी हात जोडून अर्धा तास बसलो. आई काही धरायला आली नाही. तुटक्या दोऱ्यावर विणता येत नाही, हे तुला सांगायला नको. मी इकडेतिकडे पाहिले आणि गाठ मारली. सतराव्या वेळी इकडेतिकडे पाहिलेसुद्धा नाही. घटस्थापनेला लुगड्यावर हात ठेवून तीनदा म्हणालो, आई, गाठ न्हाय.

आणि दिवाळीत आपल्या सिद्रामाला ताप आला. चार वर्षांचा. तू म्हणत होतास दवाखान्यात नेऊ. मी त्याला देवळात नेऊन ठेवले. का नेले ते कोणाला सांगितले नाही. मला वाटले, कर्ज माझे आहे, फेडायला तिथेच जावे लागेल. तो गेल्यावर मी म्हणालो आईने नेला, आणि तू म्हणालास तापाने नेला. तुझ्या तोंडात मारली आणि घराबाहेर काढले. नऊ वर्षे मी तुझ्यावर रागावलो आहे, कारण तू म्हणतोस ते खरे असेल तर माझे पोर निष्कारण गेले.

हे चंपाबाईला माहीत नाही. तू कळवू नकोस.

घटस्थापनेला अजून पंचवीस दिवस आहेत. काहीतरी सुचेल.

केदारी


शहापूर, ता. ११ सप्टेंबर १९३५

यल्लाप्पा,

काल जे झाले ते लिहितो. वाचून तुला माझी किळस आली तरी पत्र फाडू नकोस, शेवटी कामाचे आहे.

दुपारी बाराच्या सुमारास कल्लाप्पाची बायको सत्यवती आमच्या दारात आली. सातवा महिना आहे तिचा. म्हणाली, "अण्णा, जरा यता काय? ह्येनी मागावरनं उठंनात, जेवंनात." मी गेलो. पाळी असलेल्या घरात दुसऱ्याने माग पाहायचा नसतो, पण त्याने स्वतःच दार लावले आणि मला जवळ बोलावले.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. अंगावर ओले धोतर, डोळे लाल. लुगडे पदरापर्यंत आले होते. मी वाकलो, आणि हात न लावताच कळले. जागोजाग पुरळ उठल्यासारख्या गाठी.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "आजून गजभर हाय."

मी वाकलेला सरळ झालो.

"केदारीअण्णा, तुमी आमच्यात शाणं. देवळात कधी मोठ्यानं बोलत न्हाय, पर एक बी आरती चुकवत न्हाय. मला खरं सांगा. तुमच्या वर्साला किती?"

यल्ला, दार लावलेले होते. तिसरे कोणी नव्हते. ज्याने तुझा अंगठा मागितला तो माझ्या पायाशी बसून मला विचारत होता. 'सतरा' एवढेच म्हणायचे होते.

मी म्हणालो, "एक बी न्हाय."

कसे निघाले तोंडातून मला माहीत नाही. तीनदा म्हटलेले चौथ्यांदा म्हटले गेले. जिभेला वळण पडले आहे.

तो मागाकडे बघत म्हणाला, "मग हे त्येच्यामुळंच. तुमच्या भावामुळं. त्यानं लिवलं, आईनं हात सोडला. माझ्या घरात बाई दोन जिवाची हाय, आणि आईनं हात सोडला." उठून तोंडावर पाणी मारले. आता तो नुसता रागावलेला नाही, घाबरलेला आहे. रागावलेला माणूस थकतो तरी. मी लावायला गेलो होतो मलम आणि चोळून आलो मीठ.

घरी आलो तर चंपाबाई म्हणाली, "काय म्हणालाय कल्लाप्पा?" मी म्हटले, खळ नीट झाली नाही त्याची.

कामाचे ते हे. आज सकाळी चौघे जण निपाणीच्या सर्व्हिस मोटारीची चौकशी करत होते. घटस्थापनेची वाट ते आता बघणार नाहीत. जयाबाईला आणि पोरीला घेऊन चिकोडीला जा. तुझा वखारीतला मित्र कलगोंडा पाटील, त्याच्या मळ्यात राहा. जैन माणूस, दारात आलेल्याला काढणार नाही आणि कोणाच्या देवीच्या भानगडीतही नाही. आजच नीघ. हट्ट पुरे.

केदारी


शहापूर, ता. २३ सप्टेंबर १९३५

चि. यल्लाप्पा,

कलगोंडाचा निरोप पोचला. तुम्ही तिघे सुखरूप आहात, निपाणीच्या घराचे दार फोडले गेले, पुस्तके रस्त्यावर जाळली गेली. जाळताना तरी कोणी एक पान वाचले असेल असे मला वाटत नाही.

तू सांगतोस की तू घटस्थापनेला येणार, आणि लपून किती दिवस राहायचे. येऊ नकोस. तू आलास तर तुझा अंगठा जाईल, आणि माझे नाव तसेच झाकलेले राहील. मी यावेळी तुला सल्ला देत नाही, विनंती करतो. वडील भावाने विनंती केली तर ऐकायची असते, अशी काही रीत नसेल तर ती आजपासून पाड.

शनिवारी देवळात मी आहेच.

केदारी


शहापूर, ता. २९ सप्टेंबर १९३५

चि. यल्लाप्पास अनेक आशीर्वाद.

यावेळी कुरकुर नाही. कपाळावर पट्टी आहे म्हणून अक्षर तिरके येते, तेवढे चालवून घे.

काल घट बसले. कल्लाप्पा लुगडे डोक्यावर घेऊन आला. मागे सत्यवती. देऊळ भरलेले. तू येशील म्हणून बाजारातली मंडळी पायरीवर काठ्या घेऊन उभी होती. पुजाऱ्याने पाट मांडला. कल्लाप्पाने लुगडे ठेवले, त्यावर हात ठेवला, आणि त्याचे तोंडच उघडेना. एकदा 'आई' म्हणाला आणि थांबला. लोक म्हणाले, "म्हण की रं." तो परत 'आई' म्हणाला.

मी पुढे झालो. फार मोठ्याने बोलता आले नाही. म्हणालो, "त्याला म्हणायला लावू नका. माझ्या वर्साला सतरा गाठी हुत्या. मी तीनदा न्हाय म्हणलो. चिंधीत घावली ती गाठ माझीच. यल्लाप्पाला ठावं हुतं, त्यानं बोटं मोडून घेटली पर नाव न्हाय सांगटलं."

मग नागोजीआज्जा, जे आता ऐंशीचे आहेत आणि ज्यांना तोफ उडाली तरी ऐकू येत नाही, त्यांनी रवळूला विचारले, "काय म्हणालाय रं त्यो?" रवळू त्यांच्या कानात ओरडला, "सतरा गाठी म्हणालाय."

म्हातारा हसला. "सतरा? निस्त्या? सूत चांगलं घावलं असंल लेकाला. मला तर पन्नासावर झालत्या. पुढं मोजायचं सोडलो."

मागून बायकांतून कोणी फसकन हसले. रवळूचा थोरला भाऊ, जो तुझा अंगठा मागण्यात कल्लाप्पाच्या पाठोपाठ होता, तो खाली बघून म्हणाला, "आमच्यात बावीस." त्यावर त्याच्या बायकोने सगळ्यांदेखत विचारले, "आणि मला काय सांगटलासा तवा?" आणखी दोघांनी आकडे सांगितले. बाकीचे पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिले.

सगळे पावन झाले असे समजू नकोस. पायरीवरच्या मंडळींना गाठी मारायची पाळी कधी आली नव्हती, त्यामुळे त्यांना सांगण्यासारखे काही नव्हते. एकाने नारळ फेकला, तो माझ्या कपाळाला लागला. आम्ही देवळात असतानाच कोणीतरी माझ्या घरात शिरून मागावरचा ताणा विळ्याने आडवा कापला. दोन हजारांवर दोरे. आता ते सगळे सांधायला बसायचे म्हणजे दोन हजारांवर गाठी. आईला गाठ चालत नाही म्हणणाऱ्यांनी मला केवढे काम लावून ठेवले आहे, बघ.

कल्लाप्पाने काही न म्हणताच लुगडे पुजाऱ्याच्या हातात दिले. पुजाऱ्याने ते आईला नेसवले. ते तिच्या अंगावर नेहमीसारखेच दिसत होते. मी नीट पाहिले. ती रागावलेली नव्हती. ही माझी समजूत असेल, पण पन्नास वर्षे मी तिच्याकडे बघतो आहे, थोडेफार मला कळते.

कल्लाप्पा माझ्याशी बोलत नाही. एक्केचाळीस गाठींपेक्षा माझे 'एक बी न्हाय' त्याला जास्त लागले असणार. त्याचा राग रास्त आहे. पण आज सकाळी सत्यवती आली आणि म्हणाली, "रवळूभावजींनी शेवटचं पान वाचलंच न्हाय म्हणं." मी पुस्तक काढले आणि वाचून दाखवले. तू लिहिले आहेस, 'ज्या घरी पाळी येईल त्या घरच्या बाईने भिऊ नये. गाठीने काही होत नाही. हे मी एका घरासाठी लिहितो आहे, पण सगळ्यांनी वाचावे.' तिने परत वाचायला लावले. मग पदराने डोळे पुसून गेली.

एक घर कोणते ते मला कळले. पण ते जिने ऐकायला हवे होते ती चुलीपाशी बसून ऐकत होती, हे मला नंतर दिसले.

चंपाबाई म्हणाली, "सतरा हुत्या तर मला का न्हाय सांगटलासा?"

मी पुस्तक मिटून ठेवले.

मग तिने सांगितले. त्या वर्षी माग चालू असताना तिला बाजूला बसायला हवे होते. ती बसली नाही. कांड्या भरायला दुसरे कोणी नव्हते, आणि लुगड्याची पाळी मोडली तर गावात माझी मान खाली जाईल म्हणून तिने कोणाला कळू दिले नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत रहाट फिरवत राहिली. "मला वाटायचं, माझ्या शिवण्यानं सिद्राम गेला," म्हणाली. "तुमी आरतीला जायचासा, मी पायरीवरनंच हात जोडायची. आत यावंसं वाटायचं न्हाय." नऊ वर्षे. एका चुलीवर जेवलो, यल्ला. मला वाटायचे तिला पायऱ्या चढून दम लागतो.

तू लगेच इकडे येऊ नकोस. पायरीवरची मंडळी अजून काठ्या घेऊन फिरतात, आणि दोन्ही कचेऱ्या अजून एकमेकींकडे बोट दाखवतात. मी दिवाळीच्या आधी चिकोडीला येतो. चंपाबाईही येते म्हणते. बोटे कशी आहेत ते तुझ्या हाताने लिहून कळव. वेडेवाकडे चालेल.

तिने आत्ताच पेटीतली उरलेली अर्धी चिंधी काढली आणि दारात उजेडाला बसून बोटांनी चाचपली. तुला कळवायला सांगते आहे की तिच्याकडच्या तुकड्यात तीन निघाल्या, सगळ्या डावीकडे वळलेल्या. एक तुझ्या मुलीपाशी आहे. म्हणजे चार झाल्या. उरलेल्या तेरा, लुगडे फाडले त्या पुढल्या वर्षी, शहापुरातल्या पाळण्यांना गेल्या. कोणाकोणाच्या घरी चिंधी दिली होती ते ती बोटांवर आठवते आहे, आणि ती पोरे आता कितवीत आहेत ते मला विचारते आहे.

केदारी